जुनी इलेक्ट्रिक गाडी : किलोमीटर नको, युनिट मोजा

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि बार्शी-कळंब रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे येरमाळा वसलं आहे. येडेश्वरीचं गाव म्हणून ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला लाखो माणसं येतात, पण एरवी हे चौकाचं गाव. कृषी सेवा केंद्रवाले, औषध दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, ठेकेदार ही इथली चारचाकी बाळगणारी मंडळी, आणि त्यांच्या फेऱ्या बहुतेक ठरलेल्या असतात. कळंब किंवा बार्शी पंचवीस-तीस किलोमीटर, धाराशिव चाळीसच्या आसपास, सोलापूर शंभरेक आणि वर्षातून काही वेळा पुणे, ते अडीचशेच्या घरात. जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, याचा निम्मा हिशेब या चार अंतरांतच आहे. उरलेला निम्मा आहे तो गाडीच्या कागदावरच्या आकड्यांत, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते.

इलेक्ट्रिक गाडी ही पुण्या-मुंबईची चैन, त्यातही वापरलेली इलेक्ट्रिक गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी, असा सर्वसाधारण समज आहे. या लेखाचं म्हणणं याच्या उलट आहे. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला खरी सोयीची जागा महानगरापेक्षा बाजारगावात आहे. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पार्किंगमध्ये प्लग बसवायचा तर सोसायटीची परवानगी, केबल कुठून न्यायची, मीटर कोणाचं, इथून वाद सुरू होतात. येरमाळ्यात स्वतःचं अंगण आहे, स्वतःचं मीटर आहे, गाडी रात्रभर दारातच उभी असते आणि उद्या किती फिरायचं ते आजच माहीत असतं. इलेक्ट्रिक गाडीला याहून जास्त काही लागत नाही. मात्र गाडीचा कागद वाचता आला पाहिजे, आणि तो किलोमीटरमध्ये न वाचता युनिटमध्ये वाचला पाहिजे.

बॅटरीची क्षमता 'किलोवॅट-अवर'मध्ये लिहिलेली असते. शब्द परका वाटला तरी वस्तू घरातली आहे. महावितरणच्या बिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो, ते म्हणजेच एक किलोवॅट-अवर. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची, मे २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सची ४०.५ युनिटची, टियागो ईव्हीची १९.२ किंवा २४ युनिटची, एमजी कॉमेटची १७.३ युनिटची. पेट्रोल गाडीच्या टाकीत किती लिटर मावतं, तसा हा आकडा. 'किलोवॅट' ही वेगळी गोष्ट, तो ताकदीचा किंवा वेगाचा आकडा. मोटारीची ताकद किलोवॅटमध्ये लिहितात आणि चार्जर किती वेगाने वीज भरतो तेही किलोवॅटमध्येच. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे विहिरीवरचा पाच एचपीचा पंप पावणेचार किलोवॅटचा झाला. गाडीचा घरगुती चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचा असतो, त्याहून थोडा कमीच. एक पाच एचपीची मोटर रात्रभर चालू ठेवल्यासारखा भार घरावर येणार, एवढं धरलं की पुढचं सगळं नीट लागतं.

जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत छापलेला असतो तो किलोमीटरचा आकडा. पहिल्या नेक्सॉनचा ३१२, मॅक्सचा ४३७, २४ युनिटच्या टियागोचा ३१५, कॉमेटचा २३०. या आकड्यांना बॅटरीच्या युनिटनी भागून पाहा. पहिली नेक्सॉन एका युनिटमध्ये दहा किलोमीटरहून थोडी जास्त जाते असा दावा निघतो, टियागो आणि कॉमेट तेरा. हे आकडे खोटे नाहीत, पण ते प्रयोगशाळेतले आहेत. भारतीय चाचणीचं चक्र गाडी रोलरवर ठेवून पूर्ण करतात, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि शहरी भागात तर ५० च्या पुढे जातच नाही. एसी बंद, समोरून वारा नाही, चढ नाही. महामार्गावर मे महिन्यात पाच माणसं बसवून, एसी लावून, शंभरच्या वेगाने निघालेल्या गाडीला हा हिशेब लागू होणार नाही, हे उघड आहे. आता कंपन्यांनीच ते मान्य केलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये टाटाने कर्व्ह ईव्ही आणली तेव्हा ५५ युनिटच्या बॅटरीला जुन्या पद्धतीने ५८५ किलोमीटर, चाचणीचे दोन्ही भाग धरून ५०२ किलोमीटर आणि प्रत्यक्ष वापरात बहुतेक ग्राहकांना ४०० ते ४२५ किलोमीटर, असे तीन आकडे एकाच गाडीसाठी दिले. शेवटचा आकडा ५५ ने भागला की युनिटमागे सव्वासात ते पावणेआठ किलोमीटर येतात. म्हणून जुन्या गाडीचा कागद हाती आला की किलोमीटरचा रकाना झाकावा आणि बॅटरीच्या युनिटला सातने गुणावं. मोठ्या गाडीला, सतत महामार्गावर पळवायची असेल तर, सहाने.

आता हेच येरमाळ्यावरून मोजू. तीन वर्षं फिरलेली २४ युनिटची टियागो आहे आणि तिची बॅटरी दहा टक्के थकलेली आहे असं धरू. उरली २१.६ युनिट. बॅटरी रोज पार तळाला न्यायची नाही आणि रोज काठोकाठ भरायचीही नाही, म्हणून वापरात त्यातली ऐंशी टक्के, म्हणजे सव्वासतरा युनिट. गुणिले सात, एकशेवीस किलोमीटर. धाराशिवला जाऊन-येऊन ऐंशी होतात, वर चाळीस किलोमीटर शिल्लक. कळंब आणि बार्शी एकाच दिवशी केलं तरी गाडी घरी येते. सोलापूरला मात्र जाणं जमेल, पण तिथे तासभर जलद चार्जरवर लावल्याशिवाय परत येणं जमणार नाही. पुण्याचं नावच काढू नये. ४०.५ युनिटची नेक्सॉन याच पद्धतीने दहा टक्के थकलेली धरली आणि युनिटमागे सहा किलोमीटर मोजले, तर पावणेदोनशे किलोमीटर देते. सकाळी पूर्ण भरून निघालात तर सोलापूरची जा-ये होऊ शकते, पण ताण घेऊन. हिशेब असा रोखठोक आहे. पन्नास-ऐंशी किलोमीटर रोज फिरणाऱ्याला पाचशे किलोमीटरची बॅटरी विकत घेणं म्हणजे रोज लागणाऱ्या पाण्यासाठी तलाव बांधणं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : आमच्याकडचं ऊन. बेचाळीस अंशांत बॅटरी टिकेल का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उष्णता बॅटरीची खरी शत्रू आहे आणि त्याचा धडा जगाने एकदा घेतलेला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात, २०१२ च्या सुमारास निस्सान लीफ या गाडीच्या मालकांनी तक्रारी सुरू केल्या. वर्ष-दीड वर्षातच बॅटरीची क्षमता दिसेल एवढी घटली होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि कंपनीला क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. त्या गाडीची बॅटरी थंड ठेवायला पाण्याची फिरती व्यवस्था नव्हती, ती नुसती हवेवर होती. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी द्रवाने थंड होणाऱ्या बॅटऱ्या घेतल्या. नेक्सॉन ईव्हीची बॅटरी तशी आहे. सिट्रोएन ई-सी३ ची मात्र हवेवर थंड होणारी आहे. हे वाईट असं सरसकट म्हणता येणार नाही, कारण तिच्यातली लोह-फॉस्फेट जातीची रसायनरचना उष्णतेला बरीच सोशिक आहे. पण मराठवाड्यात जुनी गाडी घेताना 'बॅटरी कशाने थंड होते' हा प्रश्न रंग आणि अलॉय व्हीलच्या आधी विचारायला हवा. जिओटॅब या कॅनेडियन कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये बॅटरी वर्षाला सरासरी १.८ टक्के थकते असं सांगितलं. त्या गाड्या मराठवाड्याच्या उन्हात चाललेल्या नव्हत्या. त्यामुळे आपण अडीच-तीन टक्के धरावेत. तरीही पाच वर्षांच्या गाडीत पंचाऐंशी टक्के उरायला हवेत. त्याहून फार कमी असतील तर दोष उन्हापेक्षा वापराचा आहे. रोज महामार्गावरच्या जलद चार्जरवर भरलेली, शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात तापत ठेवलेली गाडी लवकर थकते.

किती उरलं आहे, हे कळायचं कसं? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जोडून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मिळतो आणि तो मागायलाच हवा. पण अहवाल नाही म्हटलं गेलं, किंवा मिळालेला कागद संशयास्पद वाटला, तर एक साधी कसोटी घरच्या मीटरवर होते. गाडी आधी एकदा सावकाश शंभर टक्के भरून घ्यावी, म्हणजे पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा ताळ्यावर येतो. लोह-फॉस्फेट बॅटरीत तो आकडा बराच भरकटतो. मग गाडी फिरवून वीस टक्क्यांवर आणावी. रात्री दिवे-पंखे, फ्रीज, मोटर बंद करून मीटरचं रीडिंग लिहावं, प्लग लावावा आणि ऐंशी टक्के झाल्यावर पुन्हा रीडिंग लिहावं. ३०.२ युनिटची नवी नेक्सॉन असती तर साठ टक्के म्हणजे १८ युनिट बॅटरीत गेले असते. चार्जरच्या वाटेत दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन उडते, म्हणून मीटरवर वीस-एकवीस दिसले असते. तेच मीटर सतरा-अठरा दाखवत असेल तर बॅटरी पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे. पंधरा दाखवत असेल तर गाडी दाखवायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवावं. या कसोटीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात, कंपनीने सांगितलेल्या क्षमतेतला थोडा भाग राखीवही असतो. पण धडधाकट बॅटरी आणि खचलेली बॅटरी यांत ती नक्की फरक करते. हे करायला सहा-सात तास लागतात. सहा-सात लाखांच्या सौद्यात एक रात्र फार नाही.

दुसरा आक्षेप विजेचा. लाईट जाते, व्होल्टेज पडतं, त्याचं काय? लाईट जाण्याने फारसं बिघडत नाही. गाडी रोज दहा-बारा युनिटच खाणार असेल तर रात्रीतून चार तास वीज मिळाली तरी पुरते. व्होल्टेजचा परिणाम मात्र हिशेबात धरावा लागतो. २३० व्होल्टऐवजी १८० आले आणि चार्जर १५ अँपिअर ओढत असला, तर ३.३ किलोवॅटचा चार्जर २.७ वर उतरतो आणि भरायला तेवढा वेळ वाढतो. याहून मोठी अडचण अर्थिंगची. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो, आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून चार्ज करायलाच नकार देतो. गावातल्या कित्येक घरांत अर्थिंगची तार भिंतीतून बाहेर येऊन मातीत नुसती खुपसलेली असते, काही ठिकाणी नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. गाडी आणण्याआधी वायरमनकडून कोळसा-मीठ घालून नीट खड्डा करून घ्यावा, १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट थेट मीटरपासून जाड तारेने ओढावा आणि बिलावरचा मंजूर भार पाहावा. तो एक-दोन किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावा. बिलाचंही गणित आहे. घरगुती दराचे टप्पे चढत जातात, तीनशे युनिटच्या पुढचा युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या दुपटीहून महाग पडतो. महिन्याला अडीच-तीनशे युनिट गाडीचे वाढणार असतील तर घर वरच्या टप्प्यात जातं. चार्जिंगसाठी वेगळी वीजदर वर्गवारी आहे तिची चौकशी करावी, किंवा छतावर सौर पॅनल बसवावेत, ज्याला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजारांचं अनुदान मिळतं. एक मोह मात्र टाळावा. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे, म्हणून मळ्यातल्या जोडणीवर गाडी लावायची कल्पना पुष्कळांना सुचेल. वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

बाजारात अशा गाड्या येतात कुठून, हे कळलं की स्वस्ताईचं कारणही कळतं. २०१७ मध्ये ईईएसएल या केंद्र सरकारच्या कंपनीने दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, त्यातून टाटा टिगोर आणि महिंद्र ई-व्हेरिटो सरकारी कार्यालयांत गेल्या. 'साहेबांची गाडी, फिरलेलीच नाही' म्हणून अशी गाडी दाखवतात. पण त्यांची बॅटरी मुळातच लहान, निविदेतल्या टिगोरची १६ युनिटच्या आसपास, आणि जलद चार्जिंगचं तोंड जुन्या भारत मानकाचं. आजचे महामार्गावरचे चार्जर सीसीएस-२ तोंडाचे असतात, ते तिथे बसत नाहीत. कमी किलोमीटर हा तिथे गुण ठरत नाही. दुसरा ओघ टॅक्सीचा. १५ एप्रिल २०२५ रोजी सेबीने जेन्सॉल इंजिनिअरिंगविरुद्ध आदेश काढला, आणि पाठोपाठ तिच्याशी निगडित ब्लूस्मार्टची टॅक्सीसेवा बंद पडली. दिल्ली परिसर आणि बेंगळुरूमधल्या हजारो इलेक्ट्रिक टॅक्सी उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी जुन्या बाजारात आल्या. टॅक्सी दिवसातून एकदोनदा जलद चार्जरवर जाते आणि वर्षाकाठी खासगी गाडीच्या कितीतरी पट पळते. ओळख सोपी आहे. खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर आकडे पांढरे असतात, टॅक्सीच्या हिरव्या पाटीवर पिवळे. पाटी बदललेली असेल तर आरसीवरचा जुना वर्ग पाहावा. टॅक्सी घेऊच नये असं नाही, पण ती टॅक्सीच्या भावात घ्यावी. तिसरी गोष्ट पुराची. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागात पाणी घरांत शिरलं, मराठवाड्यात अनेक ठिकाणी गाड्या बुडाल्या. बॅटरीच्या पेटीला आयपी-६७ दर्जा असतो म्हणून विक्रेता निर्धास्त करतो. तो दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवस गढूळ पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल तो काही सांगत नाही. सीटखालचे बोल्ट, सीटबेल्टचं मुळाकडचं टोक, खालच्या केशरी केबलींचे जोड हात घालून पाहावेत, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागवावा.

कागदपत्रांत एमएच-२५ ला नाव चढवणं, बँकेचा बोजा उतरवणं, बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी, हे सगळं पेट्रोल गाडीसारखंच. वेगळं आहे ते बॅटरीच्या हमीचं कलम. बहुतेक कंपन्यांची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते, यांपैकी जे आधी भरेल ते. म्हणजे २०२० ची नेक्सॉन २०२८ मध्ये हमीबाहेर जाणार, कोणत्याही मालकाकडे असली तरी. अलीकडे 'आजन्म बॅटरी हमी' अशी जाहिरात होते, ती पहिल्या मालकापुरती असते, दुसऱ्याच्या नावावर गाडी गेली की मर्यादा लागू होतात. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर आणली ती बॅटरी भाड्याने घेण्याच्या पर्यायासह, किलोमीटरमागे साडेतीन रुपये. अशी गाडी जुनी घेताना बॅटरी कोणाच्या मालकीची आहे हे लेखी विचारल्याशिवाय सौदा करू नये. आणि जीएसटी : डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला, पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीवर काही कर नाही. 'अठरा टक्के जीएसटी पडतो' म्हणून पूर्ण किमतीवर बोजा चढवणारा व्यापारी खोटं बोलतो आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : किंमत इतकी पडते, याचा अर्थ वस्तूत काही खोट असणारच. पहिली नेक्सॉन ईव्ही एक्स-शोरूम १३.९९ लाखांपासून सुरू होत होती, आणि आज तिला त्या मानाने फार कमी भाव येतो. पण भाव पडण्यामागे नव्या बॅटरीची स्वस्ताई आहे. ब्लूमबर्गच्या पाहणीत बॅटरीचा जागतिक सरासरी भाव २०२३ मध्ये किलोवॅट-अवरला १३९ डॉलर होता, २०२४ मध्ये ११५ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने याच कारणाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरवली. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप पडते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने चढाओढ आणखी वाढली. हे नुकसान पहिल्या मालकाने सोसलं. दुसऱ्या मालकाच्या ते पथ्यावर पडतं, मात्र त्यानेही पुढे विकताना चांगला भाव मिळेल अशी आशा धरू नये. हमीबाहेर बॅटरी गेली तर काही लाखांचा खर्च आहे, म्हणून जी गाडी घ्याल तिची निदान तीन वर्षं हमी शिल्लक असावी.

राहिला प्रश्न कोणी घ्यावी याचा. घरात ही एकच चारचाकी असेल आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलांकडे, दवाखान्याला रातोरात निघावं लागत असेल, तर आज घेऊ नये. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं वचन आहे, पण वचनावर गाडी चालत नाही. त्याच धोरणातली टोलमाफी समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर आहे, आपल्या ५२ क्रमांकाच्या महामार्गाचं नाव त्या यादीत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळ नसणं हीही खरी अडचण, अगदी साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरली तरी गाडी जागची हलत नाही. पण ज्याच्या दारात आधीच एक डिझेल गाडी आहे, रोजची फेरी शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि मीटर स्वतःच्या नावावर आहे, त्याने अवश्य घ्यावी. खासगी वापरातली, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीची, निदान २४ युनिटची आणि २०२२ नंतरची पाहावी. टोकन देण्याआधी गाडी एक रात्र आपल्या मीटरवर लावू द्या म्हणून सांगावं, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघावी.